दंडवत, गुडघा आणि अंजली : कॅथलिक उपासनेतील देहमुद्रांचा औचित्यविचार

सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या उत्तरेस वसलेले करकंब हे गाव आषाढी वारीच्या वाटेवर आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी पंढरी गाठण्यापूर्वी या गावी विसावते. या वाटेवर दोन वारकरी समोरासमोर आले की ते परस्परांच्या पाया पडतात. पादुकांवर मस्तक ठेवणे, पालखीसमोर लोटांगण घालणे, तीर्थ ओंजळीत घेऊन उरलेला ओला हात डोळ्यांस लावणे, या गोष्टी येथील माणसास कोणी शिकवाव्या लागत नाहीत. भाषेप्रमाणेच त्या लहानपणी अंगवळणी पडतात आणि भाषेप्रमाणेच त्यांनाही व्याकरण असते. कोणापुढे किती वाकावे, कशास हात लावावा, कशापासून दूर राहावे, यांचे नियम अलिखित असले तरी शिथिल नसतात.

या परिसराचा कॅथलिक उपासनेच्या इतिहासाशी संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने सोलापूर जिल्हा १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतो. पण केवळ तेवढाच धागा नाही. गी दलरी या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला, आणि विठ्ठलसंप्रदायावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. आळंदीच्या पालखीची वाट करकंबच्या वाटेहून वेगळी असली तरी दोन्ही वाटांवरचे दंडवत एकच आहेत. एक रोमन कॅथलिक धर्मगुरू त्या दंडवतांकडे केवळ कुतूहलाने नव्हे तर आदराने पाहू शकतो, ही घटना त्यापूर्वी दोनशे वर्षे जवळजवळ अशक्य होती. आणि पुढे दहा वर्षांच्या आतच, हात जोडणे, जमिनीवर बसणे व भूमीस मस्तक टेकणे या क्रिया मिस्सेमध्ये करण्यास रोमची अनुज्ञा मिळाली. हे स्थित्यंतर कसे घडले, आणि घडूनही ते अपुरे का राहिले, हा येथे विचाराचा विषय आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कॅथलिक उपासनापद्धती ही एकजिनसी व अपरिवर्तनीय होती, आणि तीत बदल करण्याचा प्रश्न प्रथम हिंदुस्थानात उद्भवला, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या गुडघे टेकण्यास आज कॅथलिक भक्तीचे मुख्य चिन्ह मानले जाते, तेच गुडघे रविवारी आणि पास्कपासून पेंतेकोस्तपर्यंतच्या पर्वकाळात टेकू नयेत, उभ्यानेच प्रार्थना करावी, असे ३२५ सालच्या नायसिया येथील धर्मपरिषदेने आपल्या विसाव्या नियमात सांगितले होते. उभे राहणे ही पुनरुत्थानाच्या आनंदाची, तर गुडघे टेकणे ही पश्चात्तापाची खूण, असा त्यामागील विचार होता. पश्चिम युरोपात गुडघे टेकण्यास पुढे जे प्राधान्य मिळाले, त्यात सरंजामी समाजातील स्वामी-सेवक संबंधाचा वाटा मोठा आहे. मांडलिक आपल्या धन्यापुढे गुडघे टेकून जोडलेले हात धन्याच्या हातांत देई. तळव्यास तळवा लावून प्रार्थना करण्याची लॅटिन चर्चमधील रीत याच विधीच्या प्रभावाने मध्ययुगात दृढ झाली, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. त्यापूर्वी हात वर पसरून प्रार्थना केली जाई, आणि मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू आजही तशीच करतो. म्हणजे युरोपीय चित्रांतील संतांचे जोडलेले हात आणि मराठी माणसाचा नमस्कार दिसावयास सारखे असले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत.

क्रुसाच्या खुणेचीही हीच कथा. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिसरे इनोसंट यांनी पोपपदावर येण्यापूर्वीच्या आपल्या ग्रंथात उजव्या खांद्याकडून डाव्याकडे जाणारी रीत वर्णिली आहे, आणि काही लोक उलट दिशेने खूण करतात हेही नोंदविले आहे. लॅटिन चर्चने पुढे डावीकडून उजवीकडे जाणारी रीत स्वीकारली. ग्रीक व रशियन चर्चने जुनीच राखली. पोर्तुगीजांनी गोवा, वसई व साष्टी येथे आणलेल्या परंपरेत या खुणेचे दोन भाग होते : प्रथम अंगठ्याने कपाळ, ओठ व छाती यांवर तीन लहान क्रूस, आणि त्यानंतर मोठा क्रूस. रशियात तर खूण दोन बोटांनी करावी की तीन, या वादातून चर्च दुभंगले. १६५० च्या दशकात निकोन या धर्माध्यक्षाने तीन बोटांची रीत सक्तीची केली, १६६६-६७ च्या धर्मपरिषदेने जुन्या रीतीच्या लोकांस बहिष्कृत केले, आणि त्यांचा अग्रणी अव्वाकुम १६८२ साली जिवंत जाळला गेला. एका बोटाच्या फरकासाठी माणसे मरण पत्करतात याचे हसू येण्याचे कारण नाही. देहाची सवय ही श्रद्धेची शेवटची तटबंदी असते. सिद्धांत बदललेला अनेकांस कळतही नाही, पण हात वेगळा फिरला की लगेच कळतो.

धर्मशास्त्रापुढील खरा पेच असा होता की एकच देहमुद्रा देवापुढे, मूर्तीपुढे, राजापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढेही केली जाते. ७८७ सालच्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने यावर भेद सांगितला तो असा : आराधना केवळ ईश्वराची, प्रतिमांना व संतांना आदरपूर्वक नमन. हा भेद करणाऱ्याच्या मनात असतो, त्याच्या पाठीच्या कण्यात नसतो. वाकलेल्या माणसाकडे बाहेरून पाहणाऱ्यास तो दिसत नाही. म्हणूनच परक्या देशात, परक्या मुद्रांसंबंधी निवाडा करण्याची वेळ आली तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी एक सोपी कसोटी हाती घेतली. अमुक आचार 'लौकिक' की 'धार्मिक'? लौकिक असेल तर चालेल, धार्मिक असेल तर नाही. ज्या समाजात आंघोळ, जेवण, कुंकू आणि दिवा यांपैकी काहीच निव्वळ लौकिक नाही, त्यास ही कसोटी लावणे म्हणजे पाण्यास सुरीने चिरण्यासारखे होते.

मदुरेस १६०६ साली गेलेल्या रोबेर्तो द नोबिली या इटालियन जेझुइटाने याच कसोटीचा आधार घेतला. शेंडी, जानवे, चंदन व स्नान ही कुलाची व प्रतिष्ठेची चिन्हे आहेत, उपासनेची नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद होता. १६१९ साली गोव्यात भरलेल्या सभेत आर्चबिशपांसह बहुतेकांनी त्यास विरोध केला; परंतु १६२३ साली पंधरावे ग्रेगोरी पोप यांनी काही अटींवर हे आचार मान्य केले. चीनमध्ये याच काळात अशीच सवलत मिळाली होती. चिनी शिष्टाचारानुसार उघडे डोके हा अनादर ठरतो, म्हणून तेथील धर्मगुरूंना शिरस्त्राण घालून मिस्सा अर्पण करण्याची परवानगी पाचवे पॉल पोप यांनी १६१५ साली दिली. मराठी वाचकास याचे महत्त्व विशेष पटावे. पागोटे काढून बोडके उभे राहणे हे आपल्याकडे शोकाचे वा मानहानीचे लक्षण. युरोपात टोपी काढणे हा आदर. उलट जोडे घालून देवघरात शिरणे ही आपल्याकडे विटंबना, तर युरोपात तिकडे कोणाचे लक्षही जात नसे. गंमत अशी की, लॅटिन विधीत शुभ शुक्रवारी क्रुसाच्या वंदनासाठी जाताना धर्मगुरूने पायांतील जोडे काढून ठेवण्याचा नियम फार जुना आहे, आणि त्याच दिवशी विधीच्या आरंभी तो वेदीसमोर भूमीवर पालथा पडून साष्टांग घालतो. म्हणजे दंडवत आणि अनवाणी पाय हे दोन्ही रोमच्या स्वतःच्या घरात होते. पण वर्षातून एकदाच बाहेर निघणाऱ्या दागिन्याप्रमाणे.

गोव्यात घडले ते याहून कठोर होते. तेथील परस्परविरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि १६४९ व १६५४ साली पुन्हा. स्थानिक वाणीला चर्चच्या दारातून असा सन्मानाने प्रवेश मिळाला. देहाला तो मिळाला नाही. १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेपासून स्थानिक आचारांवरील निर्बंध वाढत गेले, आणि त्यांची परिसीमा धर्मसमीक्षण संस्थेच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, १४ एप्रिल १७३६ च्या आज्ञापत्रात दिसते. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हे आज्ञापत्र मराठी अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. त्यात निषिद्ध ठरविलेल्या गोष्टी पाहाव्यात : अंगणात तुळस लावणे, एकादशीचा उपास, पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी घालणे, हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजविणे, लग्नात ओव्या गाणे. ज्या छंदात ख्रिस्ताचे चरित्र गायिले गेले, तोच छंद शंभर-सव्वाशे वर्षांनी लग्नघरातील स्त्रियांच्या तोंडी आला की अपराध ठरला. मिठाचा उल्लेख विशेष बोलका आहे. भातात मीठ घालणे वा न घालणे यात कोणता धर्मसिद्धांत असू शकतो? पण राज्यकर्त्यास खरा धर्मांतरित ओळखावयाचा होता, आणि ओळखण्याच्या खुणा चुलीपाशी, अंगावर आणि अंगणात शोधणे त्याला भाग पडले.

या सक्तीविरुद्धचा आवाज रोममध्येच उठला होता, हेही नमूद केले पाहिजे. धर्मप्रसार मंडळाने १६५९ साली पूर्वेकडे जाणाऱ्या प्रतिनिधींना दिलेल्या सूचनापत्रात, धर्माला वा नीतीला उघडपणे विरोधी नसतील तर लोकांच्या चालीरीती बदलावयास लावू नयेत, असे स्पष्ट बजावले होते. परंतु सूचनापत्रे प्रवास करतात तेव्हा त्यांची धार बोथट होते. पोपचे प्रतिनिधी शार्ल तूर्नों यांनी १७०४ साली पुदुच्चेरी येथे काढलेल्या आज्ञेने मदुरा मिशनच्या बहुतेक सवलती काढून घेतल्या, आणि दीर्घ वादानंतर चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४४ साली त्या आज्ञेवर शिक्कामोर्तब केले. यापुढे मिशनऱ्यांना या नियमांच्या पालनाची शपथ घ्यावी लागे. ती शपथ १९४० पर्यंत चालू होती.

या वादातील एक कलम इतिहासकारांच्या नजरेतून बरेचदा निसटते. वस्तुतः ते सर्वांत महत्त्वाचे आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या विधीत धर्मगुरू आपली थुंकी बोटाने बालकाच्या कानाला व नाकाला लावी आणि त्याच्यावर फुंकर घाली. दक्षिणेतील उच्चवर्णीय ख्रिस्ती लोकांस थुंकीचा हा स्पर्श असह्य वाटे. म्हणून मिशनऱ्यांनी तो भाग गाळला होता. तूर्नों यांनी तो गाळू नये असे सांगितले. बेनेडिक्ट यांनी काही काळापुरती मोकळीक दिली. पण त्याच वेळी अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती लोकांच्या घरी जाऊन मरणासन्नांस संस्कार देण्याचा प्रश्नही पुढे आला, कारण उच्चवर्णीयांत वावरणारे मिशनरी ते टाळीत असत. त्यासाठी स्वतंत्र मिशनरी नेमण्याची व्यवस्था झाली. दोन शतकांच्या या सगळ्या वादात, अमुक स्पर्श, अमुक अंतर कोणाच्या सोयीसाठी आहे, हे विचारले गेले ते बहुधा या एकाच ठिकाणी. आणि तेथेही उत्तर मिळाले ते वेगळ्या मिशनऱ्यांचे. प्रत्येक निवाड्यात मुद्रा कोणत्या धर्माची याचा शोध झाला. ती मुद्रा करण्याची मुभा समाजात कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हा शोध झाला नाही.

महाराष्ट्रात हा न विचारलेला प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. वसई-साष्टीचे जुने कॅथलिक पोर्तुगीज अमदानीतले. परंतु नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात जर्मन जेझुइटांनी केंदळ व पुढे संगमनेर, राहुरी या भागांत जे कार्य उभारले, त्यात चर्चमध्ये आलेले लोक प्रामुख्याने महार व मांग समाजांतील होते. गावच्या व्यवस्थेत त्यांच्या देहावर जे निर्बंध होते ते उपासनेच्या कोणत्याही नियमाहून कडक होते. इतर जाती परस्परांस राम राम करीत. महाराने दुरून जोहार करावयाचा. हे अभिवादन इतके जातिबद्ध होते की 'जोहार' या नावाने संतांनी स्वतंत्र रचनाप्रकारच निर्माण केला. चोखामेळ्याचा अंत मंगळवेढ्यास झाला आणि त्याची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. म्हणजे मृत्यूनंतरही उंबरठ्याच्या बाहेर. विठ्ठलाच्या प्रत्यक्ष पायांवर डोके ठेवता येणे हे पंढरीचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. ते चोखामेळ्याच्या जातबांधवांस १९४७ पर्यंत मोकळे नव्हते. साने गुरुजींनी त्या वर्षी १ मेपासून पंढरपुरात उपोषण आरंभिले आणि १० मे रोजी ते संपले, तेव्हा दाराचा प्रश्न सुटला. वारीच्या वाटेवरील समतेसंबंधीही सावधगिरीने बोलावे लागते. पालखीबरोबर चाललेल्या इरावती कर्वे यांनी एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठे यांच्या पंगती निराळ्या असल्याचे लिहून ठेवले आहे. पाया पडण्यात जो अभेद होता, तो पानावर बसताना उरत नसे.

अशा माणसाने जेव्हा चर्चमध्ये गुडघे टेकले, तेव्हा ती मुद्रा त्याच्या दृष्टीने 'परकी' होती काय? परकी होतीच; पण तिच्या परकेपणातच तिचे मोल होते. गावातल्या कोणापुढेही त्याने असे गुडघे टेकलेले नव्हते. तिच्यावर जोहाराची सावली नव्हती. सर्वांनी एका रांगेत, एकाच कठड्याशी गुडघे टेकावयाचे आणि एकाच हाताने दिलेला ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यावयाचा, यात स्पर्शाची बंधने मोडणारा जो अर्थ होता तो युरोपीय मिशनऱ्याच्याही ध्यानात पूर्णपणे आला असेल असे नाही. १९१७ च्या चर्च-संहितेचे १२६२ वे कलम सांगे की पुरुषांनी उघड्या डोक्याने व स्त्रियांनी डोके झाकून उपासनेस बसावे. लोकांच्या मान्य चालीरीती वेगळ्या असतील तर पुरुषांस सूट होती. स्त्री-पुरुषांनी वेगवेगळे बसावे असेही तेथे सुचविले होते. डोक्यावर पदर घेऊन एका बाजूस बसलेल्या बाया हे दृश्य मराठी कीर्तनास नवे नव्हते. त्यामुळे हे कलम येथे कोणास जाचल्याचे दिसत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसंबंधीचे संविधान मंजूर केले आणि लोकभाषांना व लोकरीतींना दार उघडले. भारतातील बिशपांच्या परिषदेने पाठविलेल्या प्रस्तावास रोमच्या उपासना-सुधारणा मंडळाने २५ एप्रिल १९६९ रोजी संमती दिली. ही 'बारा कलमे' म्हणून ओळखली जातात, आणि देहमुद्रांच्या इतिहासात त्यांना फार वरचे स्थान द्यावे लागते. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे; एक गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून खोल वाकणे; पश्चात्तापविधीत व महाप्रार्थनेच्या शेवटी पंचांग प्रणाम; पवित्र वस्तूंचे चुंबन घेण्याऐवजी त्यांना बोटांनी स्पर्श करून हात डोळ्यांस वा कपाळास लावणे; शांतिचिन्ह म्हणून परस्परांस हात जोडणे, किंवा एकाने आपले हात दुसऱ्याच्या हातांत देणे; मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे; वेदीवरील वस्त्राऐवजी ताट; साध्या झग्यावर उपरणे; फुले, धूप व दीप यांनी ओवाळणे. चुंबनासंबंधीचे कलम विशेष समंजस होते. पूज्य वस्तूस ओठ लावणे हे आपल्या संस्कारात उष्टे करण्याच्या जवळ जाते. बोटांनी स्पर्शून डोळ्यांस लावणे हे येथील प्रत्येक पोथीच्या वाचकाला ठाऊक आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय उपासना-केंद्राने व त्याचे प्रमुख फादर अमलोरपवदास यांनी या कलमांचा पाठपुरावा मोठ्या निष्ठेने केला.

या प्रयत्नाची पूर्वतयारी कलेच्या क्षेत्रात आधीच झाली होती, हेही जाता जाता सांगावयास हवे. मूळचे गोव्याचे आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात दीर्घकाळ राहिलेले चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी मरियेला लुगडे नेसविले व मराठी बाईप्रमाणे भुईवर बसविले. गोव्यात त्यांच्या वाट्यास टीका आली. चित्रातली मरिया भुईवर बसल्यावर काही वर्षांनी उपासकांस बसण्याची अनुज्ञा मिळाली, हा क्रम योगायोगाचा नाही.

बारा कलमांना विरोध झाला तो दोन अगदी भिन्न दिशांनी, आणि या दोन्ही विरोधांची गल्लत करू नये. पहिला विरोध जुन्या कॅथलिक कुटुंबांतून, विशेषतः मुंबई व मद्रास येथील सामान्य उपासकांतून आला. व्हिक्टर कुलंदाय यांनी १९८० च्या दशकात चर्चच्या 'मूर्तिपूजकीकरणा'विरुद्ध पुस्तकच लिहिले. हे लोक परंपरेचे आंधळे भक्त होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोवेकर, वसईकर वा मुंबईकर कॅथलिकाच्या घराण्यात गुडघे टेकण्यास चारशे वर्षे झाली. त्याच्या पूर्वजांवर १७३६ च्या आज्ञेने तुळस आणि ओवी सोडण्याची सक्ती झाली. त्यांच्या वंशजांना आता वरूनच सांगण्यात येत होते की आरती ओवाळा. पिढ्यान्‌पिढ्या जो आचार पाप म्हणून शिकविला गेला तो एका पत्राने पुण्य ठरला. शिवाय चारशे वर्षे या भूमीत केलेली मुद्रा 'परदेशी' कशी, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणे सुधारकांस जमले नाही.

दुसरा विरोध अधिक खोल होता. तो दलित ख्रिस्ती विचारवंतांनी मांडला. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या संयुक्त धर्मशास्त्र महाविद्यालयात केलेल्या व्याख्यानापासून दलित धर्मशास्त्राच्या विचारास वळण मिळाले. ते प्रॉटेस्टंट होते, परंतु त्यांच्या आक्षेपाचा रोख कॅथलिक प्रयोगांसही लागू पडतो. भारतीयत्वाच्या नावाखाली ख्रिस्ती विचाराने ब्राह्मणी परंपराच उचलली, असे त्यांचे म्हणणे. पंचांग प्रणाम, अंजली, आरती, उपरणे, संस्कृत मंत्र, ही यादी देवळाच्या गाभाऱ्यातून आली. महारवाड्यातून, मांगवाड्यातून नव्हे. डफ, हलगी, संबळ यांना त्या बारांत स्थान नव्हते. ज्याच्या बापाला गाभाऱ्यात जाऊन डोके टेकण्याची बंदी होती, त्याला आता चर्चमध्ये तेच डोके टेकणे हे 'तुझे स्वतःचे' म्हणून परत देण्यात आले. करकंबच्या वाटेवरचे दंडवत एकासाठी भक्तीची मातृभाषा. त्याच गावकुसाबाहेरच्या दुसऱ्यासाठी मात्र वाकणे म्हणजे बलुत्याची, येसकरकीची आठवण. जोहार टाकून 'जय भीम' म्हणताना ज्या समाजाने मान ताठ केली, त्याच्या ख्रिस्ती भावकीला मान वाकविण्याचे सौंदर्य समजावून सांगणे ही सोपी गोष्ट नव्हती. सुधारकांची चूक अशी की त्यांनी १६२३ व १७४४ च्या निर्णयकर्त्यांप्रमाणेच मुद्रेचे मूळ धर्मात शोधले. उत्तर बदलले, नकाराचा होकार झाला; प्रश्न तोच राहिला.

म्हणून बारा कलमांचा परिणाम असमान झाला. आश्रम, गुरुकुले व धर्मगुरूंच्या सभा यांत जमिनीवर बसून होणारी मिस्सा रुळली. सामान्य धर्मग्रामांत बाके राहिली, गुडघे टेकणे राहिले. दिवा पेटविणे, पाहुण्यांस ओवाळणे, फुले वाहणे तेवढे सणावारी आले. रोमने १९९४ साली काढलेल्या सूचनापत्रात उपासनेचे देशीकरण करताना घाई नको, आणि त्यात अन्य धर्मांशी संकर झाल्याचा आभासही नको, असे सांगितले. त्यात पाव शतकापूर्वीच्या उत्साहापेक्षा सावधपणा अधिक आहे.

याच्या उलट, ज्या ठिकाणी कोणी आज्ञा दिली नव्हती तेथे मुद्रांची देवाणघेवाण सहज झाली. नगर जिल्ह्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस सप्टेंबरात गावोगावचे लोक पायी येतात. त्यांत ख्रिस्तीतरही असतात. 'माउली' हा शब्द ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालणाऱ्याचा आणि मरियेच्या यात्रेस निघालेल्याचा एकच आहे. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू व ख्रिस्ती दोघेही तेल वाहतात, कारण लोकश्रद्धेनुसार ती शिरगावच्या लईराईची बहीण. वांद्र्याच्या माउंट मेरीस मेणाचे हात-पाय वाहून नवस फेडणाऱ्यांत हिंदू बाया असतात. येथे लौकिक-धार्मिक भेदाची कसोटी कोणी लावीत नाही. नवस बोलताना माणूस हात जोडतो की क्रुसाची खूण करतो, हे त्याचे त्याने ठरवावयाचे असते. हे औचित्याचे नियम नाहीत असे नव्हे. ते यात्रेकरूंनी आपसांत घातलेले आहेत, एवढेच. हरेगावचे बहुसंख्य यात्रेकरू ज्या समाजांतून येतात ते पाहता, देशीकरणाच्या कोणत्याही अभ्यासाने आश्रमांइतकेच लक्ष या यात्रेकडेही द्यावयास हवे होते. तसे ते दिलेले दिसत नाही.

एक लहान मुद्दा शेवटी नोंदविण्याजोगा आहे. १९६९ सालीच, २९ मे रोजी रोमने ख्रिस्तप्रसाद हातात देण्याची मुभा मागणाऱ्या बिशप-परिषदांसाठी मार्ग मोकळा केला; जिभेवर घेण्याची रीत मात्र सर्वसामान्य म्हणून कायम ठेवली. हातात घेताना डावा तळवा वर ठेवावा आणि उजव्या हाताने उचलून तोंडात घालावा, असे पुष्कळ ठिकाणी शिकविले जाते. मराठी माणसाचा हात या बाबतीत उलट वळणाचा : तीर्थ असो, प्रसाद असो, उजवा तळवा वर आणि डावा त्याच्या खाली आधाराला. डाव्या हातावर पवित्र वस्तू घेणे त्याच्या संस्कारास खटकते. आता, जेरुसलेमच्या सिरिल यांच्या नावावर असलेल्या चौथ्या शतकातील प्रवचनांत नवख्रिस्तींना सांगितले आहे ते असे की डाव्या हाताचे सिंहासन करून उजव्या तळव्यात राजाचा स्वीकार करावा. प्रसाद घेण्यास पुढे आलेली एखादी मराठी म्हातारी उजवा हात वर करते तेव्हा तिला कोणी सुधारू लागले, तर तिच्या बाजूने करकंबची वाट आणि चौथ्या शतकातील जेरुसलेम अशी दोन्ही साक्ष देता येईल. २०२० च्या महासाथीत जगातील अनेक धर्मप्रांतांनी शांतिचिन्हासाठी हस्तांदोलन बंद करून दुरून नमन करावयास सांगितले. भारतात त्यासाठी नवी मुद्रा शोधावी लागली नाही.